अडथळा क्रमांक अकरा

ताराबाई रोडवर तिसऱ्या मजल्याची खोली.
आमच्या नकाशात तिला नाव नाही, फक्त आकडा.
टेप धरायला पोरगं आलं नव्हतं,
म्हणून दुसरं टोक मगदूम सरांनीच धरलं
आणि स्वतःच्या भिंतीचं माप मोठ्यानं वाचलं:
नऊ फूट चार इंच.
"चार लिहिलंस का?"
दहावीला भूमिती मला त्यांनीच शिकवली.

कार्तिकात, पावणेसहाच्या सुमाराला
जे ऊन महाद्वारातून आत शिरून
अंबाबाईच्या पायांवर पडायचं,
ते पश्चिमेच्या खिडकीतून
सरांच्या जर्मन कोशावर पडत होतं.
अकरा वर्षं.
"उजेड चांगला यायचा मर्दा,
म्हणून तर टेबल तिथं."

पुस्तक जाडजूड, पुठ्ठा गेलेला.
पंचनामा लिहिता लिहिता विचारलं, काय आहे यात?
"एक घर, तीन भाडेकरू.
देव माडीवर राहायचा.
त्याला खोली सोडायला लावली,
रीतसर, दोनशे पानं कारणं देऊन.
मग तिथं राज्य राहायला आलं.
पलंग तोच, भांडी तीच,
पाया पडायची जागासुद्धा तीच.
दारावरची पाटी तेवढी बदलली."
आणि तत्त्वज्ञान?
"ते जिन्याखाली बसून
दोघांच्या भाडेपावत्या लिहितंय.
मालक कोण, ते अजून ठरत नाही त्याचं."

वहीत 'प्रबोधन' खोडलेलं.
खाली पेन्सिलीनं: 'निवळणे'.
तिकडं आभाळ मोकळं झालं तरी
म्हणे जवळपास हाच शब्द.
"पण आपल्याकडं पाणी निवळतं.
तुरटी फिरव, गाळ जातो कुठं?
तळाला बसतो.
हे त्या पुस्तकात नाही.
असायला पाहिजे होतं."

एक क्रियापद मात्र अडून बसलेलं.
रद्द करणं, जपून ठेवणं, वर उचलणं,
तिन्ही एकाच शब्दात.
समासात पन्नास मराठी शब्द, पन्नासही खोडलेले.

मी नोटीस पुढं केली:
'सदर बांधकाम पंधरा दिवसांत
स्वखर्चाने उतरवून घ्यावे.'
सर सही करता करता थांबले.
उतरवून.
माडी उतरवतात.
लेकराची दृष्ट उतरवतात.
फळ्यावरचं पुसायच्या आत वहीत उतरवतात.
"काढून टाकायचं आणि लिहून ठेवायचं, एकाच शब्दात!
त्यांचा शब्द वर जातो,
आपला खाली येतो, एवढंच.
कुणी लिहिली रे ही नोटीस?"
छापील असते सर.
रिकाम्या जागा फक्त मी भरतो.

पत्रे निघाले, विटा निघाल्या.
कोश त्यांनी स्वतः बादलीत घालून
दोरीनं खाली सोडला,
विहिरीत सोडावा तसा, धक्का न लावता.

किरणोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी
मी गरुड मंडपात, हातात लक्समीटर.
ऊन उंबऱ्यावर आलं, पायांवर चढलं,
गर्दीनं श्वास धरला,
आणि कमरेशी ते विझलं.
कुणी म्हणालं, उसाचे फड पेटवलेत, त्याचा धूर.
कुणी म्हणालं, नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.
एक म्हातारी म्हणाली, आईचीच इच्छा.
मी तिघांचं ऐकलं
आणि फॉर्मवर आकडा लिहिला.
कारणाला त्या फॉर्मवर रकाना नाही.

बाहेर चप्पल स्टँडपाशी सर उभे.
बस्तीत जाणारा माणूस,
पायात चपला तशाच.
"कुठवर?"
कमरेपर्यंत, सर.
त्यांनी मान वर करून
रस्त्यावरच्या सगळ्या खिडक्या एकदा बघितल्या.
"म्हणजे वाटेत अजून
कुणीतरी वाचत बसलंय."

माझ्या खिशात यादी होती.
बारा नंबरची इमारत कुणाची,
ते मी त्यांना सांगितलं नाही.